वाचकांचे प्रश्न : पॅकेजं कुणाची वाढली, आणि का?

या महिन्यातली बरीचशी पत्रं एकाच विषयावर आहेत, म्हणून सगळी पानं त्यालाच देते. विषय पॅकेज रिपॉझिटरींचा. प्रोग्रॅमर एखादं काम करणारा कोड लिहितो, त्याला नाव आणि आवृत्तीचा क्रमांक देतो आणि सामायिक ठिकाणी ठेवतो; तिथून तो कुणालाही एका आज्ञेत उतरवून घेता येतो. त्या गठ्ठ्याला पॅकेज म्हणतात. पायथनसाठी पायपीआय, जावास्क्रिप्टसाठी एनपीएम, आरसाठी क्रॅन, पर्लसाठी सीपॅन, रस्टसाठी क्रेट्स डॉट आयओ, अशी बहुतेक भाषांची एकेक जागा ठरलेली आहे. चिपळूणला माझ्या ऑफिसात पतसंस्थांसाठी आणि बागायतदारांसाठी जी सॉफ्टवेअरं होतात, ती या पॅकेजांवाचून उभीच राहणार नाहीत.

प्रश्न : ताई, मी रत्नागिरीत कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. सेमिनारसाठी मी वेगवेगळ्या रिपॉझिटरींतल्या पॅकेजांच्या संख्येचा आलेख काढला. एनपीएमची रेघ इतकी वर गेली की बाकीच्या सगळ्या तळाला चिकटल्यासारख्या दिसतात. 'जावास्क्रिप्ट सर्वांत पुढे, पर्ल आणि आर मागे पडल्या' असा निष्कर्ष मी लिहिला. मैत्रीण म्हणते, असं म्हणता येणार नाही. शिवाय मला येत्या सहा महिन्यांत एकच भाषा नीट शिकायची आहे. ती या आलेखावरून ठरवू का? (विद्यार्थिनी, रत्नागिरी)

उत्तर : तुझ्या मैत्रिणीचं बरोबर आहे. पण आलेख टाकून देऊ नकोस. त्यातून भाषेबद्दल थोडं आणि त्या-त्या रिपॉझिटरीच्या नियमांबद्दल पुष्कळ कळतं. सेमिनार या दुसऱ्या गोष्टीवर घे, मला तो जास्त मोलाचा वाटेल.

आधी आपण मोजतो काय ते पाहू. सीपॅनचे दोन आकडे सांगितले जातात. मॉड्यूल २ लाखांहून जास्त, आणि ती ज्या गठ्ठ्यांतून येतात ती डिस्ट्रिब्यूशन्स ४० हजारांहून थोडी जास्त. तू यातला कुठला आकडा घेतलास? एकाच रिपॉझिटरीची उंची त्यावरून चार-पाच पटींनी बदलते. ईएसबिल्ड हे जावास्क्रिप्टवाल्यांचं एक साधन आहे. लिनक्ससाठी, विंडोजसाठी, मॅकसाठी, आणि त्यातही प्रत्येक जातीच्या प्रोसेसरसाठी एनपीएमवर त्याची वेगवेगळी पॅकेजं आहेत. नमपाय या पायथनच्या आकडेमोडीच्या पॅकेजच्याही प्रत्येक प्रणालीसाठी वेगळ्या फाइली बनतात, पण पायपीआयवर त्या सगळ्या 'नमपाय' या एकाच नोंदीखाली जातात. टाइपस्क्रिप्ट म्हणजे डेटाचे प्रकार लिहायची सोय असलेली जावास्क्रिप्ट; तिच्यासाठी 'ॲट टाइप्स' या नावाखाली एनपीएमवर हजारो पॅकेजं आहेत. त्यांत चालणारा कोड नसतो. दुसऱ्या पॅकेजातल्या कुठल्या फंक्शनला कोणत्या प्रकारचा डेटा लागतो एवढंच लिहिलेलं असतं. जावाच्या मेव्हन सेंट्रलवर एखादा मोठा प्रकल्प डझनावारी तुकड्यांत नोंदवलेला सापडतो. मिरकरवाड्याच्या जेटीवर मांदेलीची पाटी आणि एक मोठी सुरमई यांची तुलना कुणी नगांवर करत नाही. तुझ्या आलेखात तीच झाली आहे.

वयाचा मुद्दा सोपा आहे. सीपॅन १९९५चं, क्रॅन १९९७चं, पायपीआय २००३चं, एनपीएम २०१०चं, क्रेट्स डॉट आयओ २०१४चं. कोड ठेवायची आणि वाटायची जागा असलेलं गिटहब आलं २००८मध्ये. म्हणजे एनपीएम सुरू झालं तेव्हा आपला कोड उघड्यावर ठेवण्याची सवय प्रोग्रॅमरांना लागत चालली होती. सीपॅनला ते वातावरण स्वतःच तयार करावं लागलं. मी मुंबईत पर्लमध्ये काम करायचे तेव्हा मॉड्यूल निवडताना आम्ही पहिल्यांदा सीपॅन टेस्टर्सचे अहवाल उघडायचो. कुणी नवं मॉड्यूल चढवलं की जगभरातल्या स्वयंसेवकांची यंत्रं पर्लच्या वेगवेगळ्या आवृत्त्यांवर आणि वेगवेगळ्या प्रणालींवर ते तपासतात आणि निकाल जाहीर करतात. कुणी त्याचे पैसे घेत नाही. तुझ्या आलेखावर हे दिसायला जागाच नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

पण वयाने सगळा उलगडा होत नाही. पायपीआय एनपीएमपेक्षा सात वर्षांनी मोठं. तरी एनपीएमने २०१९मध्येच १० लाखांचा टप्पा ओलांडला, आणि पायपीआयला ५ लाखांच्या पुढे जायला २०२३ उजाडलं. याची दोन कारणं मला पक्की वाटतात.

पहिलं, भाषेसोबत काय येतं. पायथन बसवलं की जेसन वाचणं, सीएसव्ही वाचणं, तारखा, ईमेल, एसक्यूलाइटचा डेटाबेस, कोडच्या चाचण्या, एवढं सगळं हाताशी असतं. जावास्क्रिप्ट ब्राउझरमध्ये जन्मली आणि तिच्यासोबत फार थोडं आलं. बिल क्रमांक '००४२' असा दाखवायला डावीकडे शून्यं भरावी लागतात. पायथनमध्ये त्याची सोय फार पूर्वीपासून आहे. जावास्क्रिप्टमध्ये ती भाषेच्या २०१७च्या अधिकृत मानकात आली. तोवर लोक त्यासाठी पॅकेज उतरवायचे. त्याच पॅकेजवरून काय घडलं ते खाली देवगडच्या पत्राच्या उत्तरात सांगते.

दुसरं कारण सेमिनारमध्ये फळ्यावर काढून दाखव, कारण पुस्तकांत ते क्वचित येतं. समज, तुझ्या प्रोग्रॅमला 'क' आणि 'ख' ही दोन पॅकेजं लागतात. दोघांनाही 'ग' लागतं. पण 'क'ला 'ग'ची पहिली आवृत्ती हवी आणि 'ख'ला दुसरी. पायथनच्या एका एन्व्हायर्नमेंटमध्ये, म्हणजे पॅकेजं बसवायच्या एका जागेत, 'ग'ची एकच आवृत्ती राहू शकते, म्हणून तंटा होतो आणि पिप हे पॅकेजं बसवणारं साधन नकार देतं. त्यामुळे पायथनचे लेखक परक्या पॅकेजवर विसंबण्याआधी दहादा विचार करतात, दोन फंक्शनांपुरतं काम असेल तर स्वतःच लिहून मोकळे होतात. एनपीएम मात्र 'ग'च्या दोन्ही आवृत्त्या नोड मॉड्यूल्स या फोल्डरात वेगवेगळ्या ठेवतं, आणि 'क'ला त्याची, 'ख'ला त्याची मिळते. तंटा नाही, म्हणजे पाच ओळींचं पॅकेज करायला आणि ते वापरायलाही काही अडत नाही. लाखो बारीक पॅकेजं होण्यामागे ही रचना आहे. रस्टच्या कार्गो या पॅकेजं उतरवणाऱ्या साधनातही बऱ्याच अंशी अशी मुभा आहे, म्हणून क्रेट्सची रेघ तिच्या वयाच्या मानाने चढी दिसते असं माझं मत आहे.

नको असलेली भरही मोजली जाते, तेही लिही. २०२४मध्ये एका क्रिप्टो योजनेने ओपन सोर्स लेखकांना टोकन देण्याचं जाहीर केलं आणि त्यासाठी एनपीएमवर हजारो पोकळ पॅकेजं चढली. घातक पॅकेजांच्या लोंढ्यामुळे पायपीआयला मे २०२३मध्ये आणि पुन्हा मार्च २०२४मध्ये नवी नोंदणी काही काळ बंद ठेवावी लागली. आलेखात अचानक उडी दिसली तर आधी हे तपासायचं.

आणि जे मोजलंच जात नाही त्याचं काय? गो भाषेत पॅकेज चढवायची वेगळी जागाच नाही. कोड गिटहबसारख्या ठिकाणी राहतो आणि २०१९पासून गूगलचा प्रॉक्सी, म्हणजे मधला सर्व्हर, त्याच्या प्रती ठेवतो. सी भाषेचीही सर्वमान्य अशी एक रिपॉझिटरी नाही. एसक्यूलाइट सीमध्ये लिहिलेलं आहे, एका मोठ्या फाइलच्या रूपात मिळतं आणि तुझ्या हातातल्या फोनमध्येसुद्धा आहे. तुझ्या आलेखावर त्याची उंची शून्य.

आलेख पुन्हा काढायचा असेल तर पॅकेजांच्या एकूण संख्येऐवजी असं मोज: ज्यांची दुसरी आवृत्ती वर्षभरात आली अशी पॅकेजं किती, आणि ज्यांच्यावर निदान आणखी एक पॅकेज अवलंबून आहे अशी किती. डेटा मोफत आहे. क्रेट्स डॉट आयओ आपला अख्खा डेटाबेस रोज उतरवायला देतं, पायपीआयची आकडेवारी गूगलच्या बिगक्वेरी या डेटा-सेवेवर आहे, क्रॅनच्या एका मिररच्या, म्हणजे दुसरीकडे ठेवलेल्या प्रतीच्या, रोजच्या डाउनलोड नोंदी मिळतात, एनपीएमला डाउनलोडचे आकडे विचारता येतात. फक्त डाउनलोडवर फार भिस्त ठेवू नकोस. कंपन्यांची चाचणी-यंत्रं प्रत्येक वेळी सगळी पॅकेजं नव्याने उतरवतात, त्यामागे माणूस नसतो. आणि उभा अक्ष लॉग प्रमाणात घे. म्हणजे तळाला चिकटलेल्या रेघा सुटून दिसतील आणि वाढीचा वेग वाचता येईल.

सहा महिन्यांत एकच भाषा शिकायची तर पायथन शिक. जे सोबत येतं तेवढ्यावर तुला एकही पॅकेज न उतरवता खूप दूर जाता येईल, आणि शिकताना ते फार महत्त्वाचं आहे. वेबची पानंच करायची ओढ असेल तर जावास्क्रिप्ट घे. त्यासाठी ओढ हे कारण पुरेसं आहे, रेघ नको.

प्रश्न : मी देवगड तालुक्यातला बागायतदार. पेट्या, गाडीभाडं, हमाली आणि वाशीहून येणाऱ्या पट्ट्या यांचा हिशेब ठेवणारं सॉफ्टवेअर एका मुलाकडून करून घेतलं. भाचा कोल्हापूरला शिकतो, त्याने उघडून बघितलं आणि म्हणाला, यात ८००च्या वर पॅकेजं दुसऱ्यांचीच आहेत. ताई, माका इतक्याच सांगा, माका फसवल्यान काय? (बागायतदार, देवगड)

उत्तर : नाही काका, यात फसवणूक नाही. जावास्क्रिप्टमध्ये केलेल्या वेब सॉफ्टवेअरसाठी ८०० हा नेहमीचा आकडा आहे. त्या मुलाने स्वतः निवडलेली पॅकेजं वीस-तीसच्या घरात असतील. त्यातल्या प्रत्येकाला आणखी काही लागतात, त्यांना आणखी काही, अशी ती बेरीज होते; वरच्या उत्तरात सांगितलेल्या रचनेमुळे ती लवकर फुगते. बटणं, तक्ते, छपाई, तारखा हे त्याने बाहेरून घेतलं. ते योग्यच केलं. चार डझनी पेटी आणि सहा डझनी पेटी, कुठल्या कलमांचा आंबा कुठल्या गाडीने गेला, दलालाने पट्टीत काय कापलं, बागेत कुणाचा किती हिस्सा, हे कुठल्याही रिपॉझिटरीत मिळत नाही. ते त्याने तुमच्याशी बोलून लिहिलं आहे आणि तुम्ही पैसे त्याचे दिलेत.

तुमच्या भाच्याची काळजी मात्र खरी आहे. तिची दोन उदाहरणं सांगते.

२०१६च्या मार्चमध्ये एनपीएमवरच्या एका लेखकाचा पॅकेजच्या नावावरून एका कंपनीशी वाद झाला. एनपीएमने ते नाव कंपनीला दिलं, तेव्हा त्याने आपली सगळी पॅकेजं काढून घेतली. त्यात लेफ्टपॅड नावाचं ११ ओळींचं पॅकेज होतं, मजकुराच्या डावीकडे शून्यं किंवा जागा भरणारं. बॅबेलसारखी मोठी साधनं फिरून-फिरून त्याच्यावर उभी होती. जगभर हजारो प्रोग्रॅमरांचं काम अडलं. काही तासांत एनपीएमने ते परत बसवलं, आणि नंतर नियम बदलला: पॅकेज चढवून ठरावीक वेळ होऊन गेल्यावर लेखकाला ते आपल्या मर्जीने काढता येत नाही. रस्टच्या रिपॉझिटरीत तर आवृत्ती काढून घेण्याऐवजी ती 'नव्यांनी वापरू नये' अशी खूण करतात. ज्यांचं काम आधीपासून तिच्यावर आहे त्यांना ती मिळत राहते. मला हीच पद्धत सर्वांत न्याय्य वाटते.

दुसरं उदाहरण २०१८चं. इव्हेंटस्ट्रीम या फार वापरातल्या पॅकेजच्या लेखकाला ते सांभाळायला वेळ उरला नव्हता. एका अनोळखी माणसाने मदत देऊ केली, लेखकाने विश्वासाने ताबा दिला. त्या माणसाने आत एक नवं पॅकेज जोडलं, ज्यात एका बिटकॉइन वॉलेटमधून चोरी करणारा कोड दडवलेला होता. पहिला लेखक वाईट नव्हता. तो एकटा होता आणि थकला होता. २० लाखांच्या वर पॅकेजं असलेल्या ठिकाणी असे एकट्याने भार वाहणारे किती असतील याचा विचार मी नेहमी करते. संख्या वाढते तेव्हा पॅकेजं वाढतात. ती सांभाळणारी माणसं त्या प्रमाणात वाढत नाहीत.

आता तुम्ही काय करायचं ते सांगते. त्या मुलाकडून तीन गोष्टी मागा. सगळा सोर्स कोड, तुमच्या ताब्यात. त्यासोबत 'पॅकेज लॉक' नावाची फाइल. तिच्यात सगळ्या ८०० पॅकेजांच्या नेमक्या आवृत्त्या आणि प्रत्येकाचा ओळखीचा ठसा नोंदलेला असतो, म्हणून दुसरा कुणी पुढे बसला तरी तेच्या तेच सॉफ्टवेअर उभं करू शकतो. आणि पॅकेजांतले माहीत झालेले सुरक्षेचे दोष दाखवणाऱ्या एनपीएमच्या ऑडिट या आज्ञेचा अहवाल, वर्षातून दोनदा. शिवाय त्याला स्पष्ट सांगा, मार्च ते मे एकही पॅकेज बदलायचं नाही. सुरक्षेची तातडीची दुरुस्ती तेवढी अपवाद. बाकी अपडेट पावसात करू दे. जुलैत हिशेब दोन दिवस अडला तरी चालतं, अक्षय्य तृतीयेच्या आठवड्यात नाही.

प्रश्न : मी दापोलीला कृषी पदव्युत्तर शिक्षण घेतो. भाताच्या वाणांच्या प्रयोगाचं विश्लेषण आरमध्ये चाललंय. खोलीतला सोबती म्हणतो, क्रॅनवर वीसेक हजार पॅकेजं आणि पायपीआयवर ५ लाखांच्या वर, तू चुकीच्या भाषेत वेळ घालवतोयस. प्रबंध अर्ध्यावर आहे. बदलू का? (विद्यार्थी, दापोली)

उत्तर : बदलू नकोस. क्रॅनचा आकडा आणि पायपीआयचा आकडा हे दोन वेगळ्या कामांचे निकाल आहेत.

पायपीआयवर खातं उघडून तू आज संध्याकाळी पॅकेज चढवू शकतोस. क्रॅनवर तसं होत नाही. तिथे आधी आरची ठरलेली तपासणी पार करावी लागते: प्रत्येक फंक्शनला माहितीपान आहे का, त्यातली उदाहरणं चालतात का, वेगवेगळ्या प्रणालींवर कोड बसतो का. नवं पॅकेज क्रॅनची माणसं स्वतः वाचतात. जुन्याची नवी आवृत्ती आली तर तिच्यामुळे तिच्यावर अवलंबून असलेली बाकीची पॅकेजं मोडत नाहीत ना, तेही बघितलं जातं. पुढे कधी तपासणी नापास होऊ लागली आणि लेखकाने दिलेल्या मुदतीत दुरुस्ती केली नाही, तर पॅकेज यादीतून काढून जुन्या संग्रहात ठेवलं जातं. म्हणजे क्रॅनची संख्या रोज वजाबाकी होऊन उरलेली आहे. पायपीआयवर दहा वर्षांपूर्वी सोडून दिलेलं पॅकेजही आजच्या बेरजेत असतं. शिवाय जीवशास्त्राची आरमधली मोठी पॅकेजं बायोकंडक्टर या वेगळ्या ठिकाणी राहतात, ती क्रॅनच्या आकड्यात येतच नाहीत.

क्रॅनच्या कडकपणावर लेखक चिडतात, ते मला ठाऊक आहे. तरी संशोधन करणाऱ्याच्या बाजूने पाहिलं तर तो कडकपणा उपकाराचाच आहे.

तुझ्या कामाचं बोलायचं तर रँडमाइझ्ड ब्लॉक, स्प्लिट प्लॉट, वाणांच्या सरासरींची तुलना, हे सगळं क्रॅनवरच्या ॲग्रिकोले या पॅकेजात शेतीच्या प्रयोगांसाठीच बांधलेलं आहे. मिश्र मॉडेल लागलं तर एलएमईफोर आहे. पायथनमध्येही स्टॅट्समॉडेल्स चांगलं आहे, पण तुला तिथे तीच गोष्ट जुळवून घ्यावी लागेल. एक काम आजच कर. सेशन इन्फो ही आज्ञा चालव आणि तिचं उत्तर प्रबंधाच्या परिशिष्टात जोड. आर आणि त्या वेळी उघडलेल्या सगळ्या पॅकेजांच्या आवृत्त्या त्यात येतात, आणि पाच वर्षांनी कुणी तुझे आकडे पडताळायला बसलं तर त्याला त्याच वाटेने जाता येतं.

प्रश्न : आमच्या शाळेत दोडामार्गकडे जून लागला की इंटरनेट कधी असतं, कधी नसतं. मुलांच्या संगणकांवर पायथनची पॅकेजं बसवताना प्रत्येक यंत्र मध्येच अडकतं. काय करावं? (शिक्षक, सिंधुदुर्ग)

उत्तर : सर, प्रत्येक यंत्राला बाहेर पाठवूच नका. लाइन चांगली असेल त्या दिवशी एका संगणकावर 'पिप डाउनलोड' ही आज्ञा देऊन लागणारी सगळी पॅकेजं, त्यांच्या अवलंबनांसह, एका फोल्डरात उतरवा. मग तो फोल्डर पेनड्राइव्हने बाकीच्या यंत्रांवर न्या आणि 'पिप इन्स्टॉल'ला दोन पर्याय जोडा: 'नो इंडेक्स', म्हणजे पायपीआयकडे जाऊ नको, आणि 'फाइंड लिंक्स', म्हणजे या फोल्डरात शोध. सगळ्या यंत्रांवर विंडोज आणि पायथनची आवृत्ती एकच हवी, एवढी काळजी घ्या. मी हे आमच्याकडेही करते. २०२१च्या जुलैत वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं, तेव्हापासून अशा फोल्डराची एक प्रत ऑफिसात आणि एक वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांकडे ठेवण्याची पद्धत आहे. शाळेतही दुसरी प्रत दुसऱ्या इमारतीत ठेवा.

प्रश्न : मी मालवणात एका पतसंस्थेत संगणकाचं काम बघतो. पावतीवर 'अक्षरी रुपये' छापण्यासाठी आकड्यांचे मराठी शब्द करणारा कोड लिहिलाय. तो पॅकेज करून सगळ्यांना द्यायचा आहे. एनपीएमवर सगळ्यांत जास्त पॅकेजं आहेत, म्हणजे तिथे जास्त लोक वापरतील ना? की पायपीआयवर टाकू? (वाचक, मालवण)

उत्तर : तुझं पत्र वाचून फार आनंद झाला. असं काम आपल्या भागातून व्हायला हवं.

जास्त पॅकेजं असलेल्या ठिकाणी तुझं पॅकेज जास्त सापडेल, हे गणित उलटं पडू शकतं. २० लाखांत शोधणाऱ्याला ते दिसणं अवघड. ज्यांना हवंय ते कुठे आहेत ते बघ. पतसंस्थेच्या पावत्या तुझ्याकडे सर्व्हरवर पायथनमध्ये तयार होतात की ब्राउझरमध्ये जावास्क्रिप्टने? तू स्वतः रोज जिथे वापरणार तिथेच टाक. लेखक स्वतः वापरत असलेलं पॅकेज टिकतं.

आणि दोन्ही भाषांत आधीच काय मिळतं ते तपासून मग उरलेलंच लिही. जावास्क्रिप्टमध्ये इंटल नंबर फॉरमॅट या आतल्याच सोयीला भाषा मराठी असं सांगितलं की १२३४५६७ हा आकडा '१२,३४,५६७' असा देवनागरीत, लाखाच्या स्वल्पविरामांसह छापून मिळतो, पॅकेज लागत नाही. पण उलट दिशेने, देवनागरीत लिहिलेला '१२३' जावास्क्रिप्टच्या नंबर फंक्शनला दिला तर त्याला तो आकडा वाटत नाही. पायथनचं इंट फंक्शन मात्र तो सरळ वाचतं. शब्द दोन्हीकडे तुलाच करायचे आहेत. पायपीआयवर नमटूवर्ड्स नावाचं जुनं, पुष्कळ भाषा असलेलं पॅकेज आहे. त्यात मराठीचं काय आहे ते आधी पाहा आणि तिथे भर घालता येत असेल तर तीच घाल. नव्या नावाने आणखी एक नोंद करण्यापेक्षा ते मला हजार पटींनी बरं वाटतं, कारण तिथे सांभाळणारी माणसं आधीच आहेत.

वेगळं पॅकेज करायचं ठरलं तर १ ते ९९ची यादी थेट लिही, नियमाने शब्द बनवायला जाऊ नकोस. एकोणीस, एकोणतीस, एकोणचाळीस असं करत एकोणनव्वदपर्यंत नियम चालतो आणि ९९ला 'नव्याण्णव' येऊन तो मोडतो. दीडशे, अडीचशे, साडेतीनशे हे बोलण्यात असतं, पावतीच्या अक्षरी रकमेत नको. हवं तर वेगळा पर्याय ठेव. २०१९मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात बावन्नसाठी 'पन्नास दोन' अशी वाचनाची पद्धत आली आणि तिच्यावर मोठी चर्चा झाली, तुला आठवत असेल. शाळांसाठी कुणी तुझं पॅकेज वापरेल, म्हणून तोही पर्याय असू दे. पायपीआयवर आता दुहेरी पडताळणीशिवाय पॅकेज चढवता येत नाही, तेव्हा ती आधी लावून घे आणि खातं परत मिळवायचे तिचे कोड कागदावर लिहून ठेव. परवाना 'एमआयटी' नावाचा, कुणालाही वापरू देणारा, दे. पहिली आवृत्ती ०.१.० ठेव आणि १ ते ९९च्या प्रत्येक आकड्याला चाचणी लिही.

संस्थेतला आणखी एक माणूस शिकवून त्यालाही खात्यात मालक म्हणून जोड. सदुसष्ट, अठ्ठ्याहत्तर, अठ्ठ्याऐंशी अशा शब्दांच्या लिखाणात गोंधळ फार असतो, म्हणून यादी झाली की मासिकाच्या पत्त्यावर मला पाठव. मी ती ओळीने वाचून तुझ्याकडे परत पाठवीन.